संगणक शिकतो म्हणजे काय?

प्रश्न : नको असलेले ई-मेल आपोआप वेगळे पडतात, कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, फोन फोटोतले चेहरे ओळखतो. हे सगळं मशीन लर्निंग आहे म्हणे. पण संगणक तर सांगितलेलंच काम करतो. मग तो शिकतो कसा?
– एक वाचक

उत्तर : मी संख्याशास्त्र शिकवते आणि हा विषय नेहमी हाताने लिहिलेल्या आकड्यांपासून सुरू करते. इंग्रजी ७ ओळखायचे नियम लिहून पाहा. कोणी मध्ये आडवी रेघ देतं, कोणाचा ७ थेट १ सारखा दिसतो. नियम लिहून संपतच नाहीत. म्हणून संगणकाला उदाहरणं द्यायची. एमनिस्ट नावाच्या प्रसिद्ध संग्रहात असे ७०,००० आकडे आहेत. प्रत्येक चित्र २८ बाय २८ ठिपक्यांचं, आणि सोबत त्याचं खरं उत्तर. प्रोग्रॅम अंदाज बांधतो, किती चुकलं ते मोजतो आणि चूक कमी होईल अशा बेताने आपल्या हिशेबातल्या संख्या किंचित बदलतो. असं पुन्हा पुन्हा. हेच त्याचं शिकणं. आणि कसं बदलायचं, ते आपणच सांगितलेलं असतं.

या संग्रहातले १०,००० आकडे मात्र परीक्षेसाठी राखलेले असतात. ते शिकताना दाखवायचे नाहीत, याबाबत मी फार कडक आहे. पाठ केलेलं उत्तर बरोबर आलं, तर काय कळणार?

कल्पना जुनी आहे. आयबीएममधल्या आर्थर सॅम्युअल यांनी चेकर्स हा सोंगट्यांचा पटावरचा खेळ खेळत सुधारत जाणाऱ्या प्रोग्रॅमवर १९५९ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. आज तुम्ही एखादा ई-मेल ‘स्पॅम’ म्हणून बाजूला काढता, तेव्हा तेही एक उदाहरणच होतं. कीबोर्डचंही तसंच : कोणत्या शब्दांमागून बहुधा कोणता शब्द येतो, हे तो भरपूर मजकुरावरून शिकलेला असतो.

चेहऱ्यांबाबत मात्र सावध राहा. उदाहरणं एकांगी असली की शिकणंही एकांगी होतं, आणि त्याची झळ खऱ्या माणसांना बसते. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुका फार तर ०.८ टक्के, काळ्या-सावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. अशा प्रणाली पारखण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका संग्रहात जवळपास ८० टक्के चेहरे गोऱ्या वर्णाचे निघाले.