पहिल्यांदाच मदतीला येतोयस ना, मग हे ऐक

वसईच्या आपल्या कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशांत, १ आणि २ नोव्हेंबर जोडून येतात, पण तयारी एकसारखी करू नकोस. १ तारखेला सर्व संतांचा सण, म्हणून पांढरी वस्त्रं, ग्लोरिया हे स्तुतिगीत, वेदीवर फुलं. रात्रीत ती फुलं काढायची, कारण २ तारखेला मृतांच्या स्मरणाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वेदी सजवत नाहीत, ग्लोरिया नसतो आणि ऑर्गन फक्त गायनाला साथ देण्यापुरता. त्या दिवशी धर्मगुरूंना तीन मिस्सा अर्पण करता येतात. १९१५ साली, महायुद्ध चालू असताना, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ही मुभा दिली. तेव्हा होस्ट (मिस्सेतली पातळ भाकर) आणि द्राक्षारस हिशेबाने काढून ठेव.

सगळ्यात जपायची ती मृतांच्या नावांची यादी. लोक घाईत चिठ्ठी खरडून देतात. एकाच नावाचे दोन मयत निघतातच, म्हणून वडिलांचं नाव आणि आळी विचारूनच लिही. नाव चुकलं की घरचे वर्षभर बोलून दाखवतात, आणि माझ्या मते बरोबरच करतात.

१ ते ८ नोव्हेंबर दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, तर त्यांच्यासाठी पूर्ण दंडमोचन, म्हणजे पापांच्या शिक्षेतून पूर्ण सूट, मिळतं. कोणी विचारलं तर अटीही सांग: कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली), कोम्युनिओ (मिस्सेत होस्ट स्वीकारणं), पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि पापाची ओढ सोडणं.

दफनभूमीतलं गवत दोन दिवस आधीच काढून घ्या. मेणबत्त्यांसाठी वाळूचे ट्रे ठेवा, नाहीतर नंतर लादीवरचं मेण खरवडत बसावं लागतं. हारांवरचं प्लॅस्टिक मात्र फाटकाशीच काढायला लाव.