ॲम्स्टरडॅमसारखी तरंगती मॉड्युलर घरं मुंबईच्या किनाऱ्यावर होतील का, आणि ती परवडतील का?

तुम्ही लिहिलंय की आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहात, थीसिससाठी मुंबईतला एक कोळीवाडा घेतलाय आणि तिथे ॲम्स्टरडॅमसारखी तरंगती घरं स्वस्तात देता येतील का हे तुम्हाला हवंय. माझं उत्तर : तरंगती नकोत. मॉड्युलर, म्हणजे आधी तयार केलेले भाग जागेवर आणून जोडलेलं घर, जरूर करा, पण मॉड्यूल (तो एकेक भाग) म्हणजे अख्खी खोली हे डोक्यातून काढा. मी प्रीकास्टच्या, म्हणजे काँक्रीटचे भाग आधी ओतून मग जागेवर बसवायच्या कामात आहे आणि माझं आजोळ कोळीवाड्यातलं, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

ॲम्स्टरडॅमच्या आयबर्ग भागातली वॉटरबुर्ट वसाहत मी कामानिमित्त गेलो असताना पाहिली. मार्लीस रोमर या वास्तुरचनाकार बाईंनी केलेली तरंगती घरं, 2011 मध्ये पूर्ण झालेली. प्रत्येक घराखाली काँक्रीटचा भलामोठा टब, तो अर्धा मजला पाण्यात बुडालेला आणि झोपायच्या खोल्या त्यातच. वर हलकं घर. तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना दोन खांब, त्यांना धरून घर पाण्याबरोबर वरखाली सरकतं. घरं लांबच्या कारखान्यात तयार करून पाण्यातून ओढत आणली. वाटेत जलपाश, म्हणजे बोटींना एका पातळीच्या पाण्यातून दुसऱ्या पातळीत नेणारं दारांचं लॉक, आणि त्यातून घर जायला हवं म्हणून रुंदी ठरली साडेसहा मीटर. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे तिथे जमतं कारण ते पाणी समुद्राचं नाही. पूर्वी तिथे समुद्र आत आलेला होता, 1932 साली बांध घालून डच लोकांनी तो तोडला, आता ते गोड्या पाण्याचं, भरती-ओहोटी नसलेलं तळं आहे. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्यात साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे तरंगतं घर दिवसातून दोनदा दीड मजला चढणार आणि दोनदा उतरणार. किनाऱ्यालगत असेल तर ओहोटीला टब चिखलावर टेकणार, तोही तिरका. सांडपाण्याची लाइन, वीज, जिना, सगळं त्या पाच मीटरच्या हिशेबाने लवचीक करायचं, शिवाय पावसाळ्यातल्या लाटा. हा खर्च मासेमारी करणाऱ्या कुटुंबावर टाकून त्याला परवडणारं घर म्हणता येणार नाही. कंटेनरची घरं सुचवणारेही पुष्कळ भेटतील. आठ फूट रुंदीचा लोखंडी डबा, आतून इन्सुलेशन लावलं की आणखी अरुंद, आणि खाऱ्या हवेत दर दोन-तीन वर्षांनी रंग. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता पाणी खरं कुठून येतं ते सांगतो. मामाच्या घरी उधाण आणि जोरदार पाऊस एका दिवशी आले की पाणी दारातून येत नसे. आधी मोरीतून बुडबुडे यायचे, मग काळं पाणी वर चढायचं. मामी ते बुडबुडे ऐकून तांदळाचा डबा माळ्यावर द्यायला सांगायची. समुद्राची पातळी वर असली की गटाराचं पाणी जाणार कुठे, ते उलटं फिरतं. तेव्हा तुमच्या डिझाइनमध्ये सगळ्यात आधी हे सोडवा. मोरी, संडास, स्वयंपाकघर, विजेचा मीटर पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या लाइनला उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह. तळमजला खांबांवर मोकळा, पण वाया न जाणारा : जाळी दुरुस्त करायला, बर्फाचे खोके, इंजिन ठेवायला कोळ्यांना जमिनीलगतच जागा लागते.

ते खांब मात्र जागेवरच ओता आणि त्यात एक पैसाही वाचवू नका. सळईवर काँक्रीटचा जो थर राहतो, त्याला आम्ही कव्हर म्हणतो. आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, घरातल्या साध्या, कोरड्या जागेला ते 20 मिलिमीटर पुरतं, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात 75 मिलिमीटर आणि किमान एम-40 या मजबुतीचं काँक्रीट लागतं. स्लॅग सिमेंट वापरलंत तर मीठ आत शिरायला आणखी वेळ लागतो. मामाच्या घराचा खांब बोटाने दाबला तरी पापुद्रा निघायचा आणि आत सळईचा फक्त तांबडा भुगा उरलेला. बांधणाऱ्याने खाडीची वाळू वापरली होती.

मॉड्यूल सुरू होतो तो पहिल्या मजल्यापासून. रांचीला केंद्र सरकारच्या ‘लाइट हाऊस’ नावाच्या घरबांधणी प्रकल्पात अख्ख्या खोल्या यार्डात ओतून क्रेनने एकावर एक बसवल्या, 1,008 घरं. मोकळ्या प्लॉटवर ही पद्धत उत्तम. पण कोळीवाड्याच्या चार फुटी गल्लीत ट्रेलर शिरत नाही, क्रेन तर नाहीच. ॲम्स्टरडॅमला घराची रुंदी जलपाशाने ठरवली, इथे ती गल्ली ठरवणार. तेव्हा मॉड्यूल एवढाच, जो चार माणसं उचलून वळणावरून नेतील. दोन फूट रुंद, नऊ फूट उंच, चार इंच जाड एएसी (हवेच्या बुडबुड्यांचं हलकं काँक्रीट) पॅनल शंभर किलोच्या आसपास भरतं, ते जमतं. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या स्टीलचा, तीन-तीन मीटरच्या तुकड्यांत, बोल्टने जोडायचा. साइटवर वेल्डिंग करू नका, जस्ताचा थर तिथेच जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पॅनलला बाहेरून पाऊस लागू नये म्हणून छप्पर भिंतीच्या भरपूर बाहेर काढा.

परवडण्याचं गणित पॅनलपेक्षा जास्त टप्प्यांवर अवलंबून आहे. चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी बेलापूरला घरं केली तेव्हा शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे पैसे हातात आले की ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. कोळीवाड्यात घरांमध्ये तेवढी जागा नाही, म्हणून वाढ वरच्या दिशेने. पाया आणि खांब दोन मजल्यांचे आजच घ्या, वरच्या मजल्याचे बोल्ट सोडून ठेवा, मुलाचं लग्न ठरलं की तो मजला चढेल. परवानगी किती मजल्यांची मिळेल ते सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांच्या, 2019 च्या अधिसूचनेवर आणि तुमच्या कोळीवाड्याच्या सीमांकनावर ठरेल, तो नकाशा आधी मिळवा. कागद नसेल तर बँक कर्ज देत नाही, मग घर कितीही स्वस्त असो.

आणि एक काम लगेच करा. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्यातली एक तारीख धरून टेप घेऊन जा, गल्लीचं सगळ्यात अरुंद वळण मोजा, आणि घरातल्या बाईंना विचारा की पाणी आधी कुठून येतं आणि भिंतीवर कुठपर्यंत चढतं. त्या हात लावून दाखवतील. ती उंची जमिनीपासून मोजून घ्या, तुमची प्लिंथ लेव्हल, म्हणजे तळमजल्याच्या फरशीची पातळी, तिच्या वर काढा.