आधी पगारासाठी माग

अगं, तुझ्या वृद्धाश्रमात हॉल बांधायला मिळणारी देणगी घ्यावी की नाही, हा तुझा प्रश्न. माझा वेगळा आहे: रात्रपाळीला तुझ्याकडे आजी-आजोबांना सांभाळणाऱ्या मावशी किती?

एक म्हणालीस. आणि अंथरुणाला खिळलेले 12 जण. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे रात्री 8 ते सकाळी 8 एकूण 72 वेळा. शिवाय डायपर, लघवीच्या पिशव्या, बाथरूमच्या वाटेवर कुणी पडलं तर ते. एकटीने नाही होत! मग माकडहाडावर जखम होते आणि भेटीला आलेला मुलगा शिव्या मावशीलाच देतो. एअर गादीचं सांगू नकोस. ती असली तरी कूस बदलावीच लागते.

म्हणून म्हणते, पगारासाठी माग. 2013 च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, यादीत वृद्धाश्रम आहेत, पण कंपनीला फोटो हवा असतो, आणि पगाराचा फोटो निघत नाही. सरकारचं म्हणशील, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम लिहिलाय, राज्यांवर सक्ती मात्र नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये डायपरलाही पुरत नाहीत.

मी माझ्या आश्रमातल्या निम्म्या खाटा पूर्ण शुल्काच्या केल्या तेव्हा विश्वस्त मला लॉजवाली म्हणाले. म्हणोत. त्याच पैशातून रात्री दुसरी मावशी आली आणि फुकट राहणाऱ्या आजींचीही कूस वेळेवर बदलू लागली. त्यापायी एका निराधार आजोबांना जागा नाकारावी लागली, ते अजून सलतं. तरी आजही तेच करेन. एका मावशीच्या भरवशावर आणखी एक खाट वाढवणं याला मी दया म्हणत नाही.

लोक तिथीला अन्नदानाची पावती फाडतात ना? तसं रात्रपाळीचं पावतीपुस्तक काढ. आईच्या पुण्यतिथीला एका रात्रीच्या दोन मावश्यांचा पगार. सुरुवातीला लोक केळीच आणतील. केळी घे आणि पुस्तक पुढे कर. लाजू नकोस, पगारासाठीच माग.

हॉलवाल्यांना लगेच नाही म्हणू नकोस. तेवढीच रक्कम कायम निधीत द्या, व्याज फक्त पगाराला, पाटी हवी तेवढी मोठी, असं विचार. हो म्हणाले तर ‘कायम निधीसाठी’ असं त्यांच्याकडून लेखी घे, नाहीतर ऑडिटच्या वेळी डोकं धरून बसशील. नाही म्हणाले तर सोडून दे. विश्वस्त चिडले तर माझा नंबर दे त्यांना.

आणि त्या मावशीचा मागच्या महिन्याचा पगार झालाय का, ते आधी कळव.