मलेशिया-इंडोनेशियाच्या जंगलातली ४ मीटरची धामण विषारी असते का, माणसावर धावून येते का?

बिनविषारीच. ती आपल्या धामणीची जवळची भाऊबंद, पाठीच्या मधल्या खवल्यांवर उभी धार असते, बाकी ती जंगलात राहती अन आपली शेतात, उंदराच्या मागं. धावून येत नाही, पळून जाते.

लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं. गंगाखेडकडं आमचं रान आहे, आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) कडब्याच्या बनमीखाली, म्हणजे गंजीखाली, एक सहा-सात फुटाची धामण राहायची, आजोबा तिला कुणाला हात लावू देत नव्हते. आजोबा गेले अन पुढच्याच वर्षी देवणी गाय सकाळी निम्मंच दूध द्यायला लागली. चुलते म्हणले, धामण रात्री गाईच्या पायाला विळखा घालून पिते. मी तेव्हा बीएस्सीला होतो, म्हणलं काका, सापाला चोखता येत नाही, दात सुईसारखे आत वळलेले, सडाला लागले तर गाय लाथ मारून दावं तोडंल, शिवाय धामण दिवसा फिरते. माझं कोण ऐकतंय! मी परभणीला गेलो अन इकडं काकांनी सालगड्याला घेऊन कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारली तिला.

दूध वाढलं का? नाही. चार दिवसांनी आईनं पहाटे उठून बघितलं तर वासराचं दावं सैल, तेच रात्री पिऊन घ्यायचं. त्या उन्हाळ्यात हरभऱ्याची अकरा पोती उंदरांनी खालून कुरतडली. काका अजून कबूल करत नाहीत, वर म्हणतात ती नागाची मादी होती. अहो नागाची मादी नागच असते. दोन साप उभे राहून पीळ घालतात ते बघून लोक नाग-धामण जुगले म्हणतात, ती बहुतेक दोन नर धामणींची कुस्ती असते. शेपटीत काटा असतो हेही खोटं.

धामण चावतच नाही असं मात्र नाही, कोंडली तर मान फुगवून गुरगुरते अन कडकडून चावते. फणा न काढलेला नाग अंधारात तसाच दिसतो, म्हणून ओळख पटत नसंल तर लांब राहा, चावलं तर सरळ सरकारी दवाखाना गाठा, मांत्रिक नको. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिला संरक्षण आहे.

गेल्या पावसाळ्यात बांधावर परत एक दिसली, तीनेक फुटाची. काकांना सांगून ठेवलंय, हिला हात लावला तर वन विभागाला फोन मीच करणार.