भावाने मित्राला लोकलमधून पडताना पाहिलं, पाच महिने झाले तरी तो सावरत नाही. हा पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहून जाणाऱ्या आघाताचा आजार, असेल का? यावर उपाय काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ लोकलचं नाव काढत नाही, रात्री दचकून उठतो, घरात सगळ्यांवर खेकसतो आणि 'मी त्याचा हात धरायला हवा होता' एवढंच म्हणतो. आणि तुम्ही सगळे त्याला सांगता, 'विसर आता.' माझ्या घरीही दोन वर्षं हेच चाललं होतं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही. मुंबईत लोकलवर मोटरमन होतो, आता निवृत्त आहे.

आमच्या कामात गाडीखाली माणूस येणं नवं नसतं. माझ्या गाडीखाली आधी दोघं आले होते, त्यातून मी सावरलो होतो. तिसऱ्या वेळी जमलं नाही. रूळ ओलांडता ओलांडता त्या माणसाने वळून माझ्याकडे पाहिलं. हातात पिवळी कापडी पिशवी होती. बारा डब्यांची गाडी वेगात असली की इमर्जन्सी ब्रेक लावूनही शेकडो मीटर पुढे जाते. नंतर दादरच्या बाजारात कुणाच्याही हातात पिवळी पिशवी दिसली की मला दरदरून घाम फुटायचा. त्या क्षणी मी बाजारात नसायचो, गाडीच्या कॅबमध्ये, मोटरमनच्या जागेवर असायचो.

या आजाराचं मूळ मला इथेच समजलं. साधी आठवण जुनी होते, ही होत नाही. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची घंटा वाजवतो, तो घटना संपली तरी वाजवतच राहतो. भाऊ मनाने कच्चा आहे म्हणून हे होत नाही. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांमध्येही हे दिसलं होतं. पीटीएसडी हे नाव मात्र १९८० साली अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या यादीत आलं.

अपघातानंतरचे पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. महिन्याहून जास्त टिकलं आणि कामधंदा, घर बिघडायला लागलं की तपासून घ्यायलाच हवं. तुमचे पाच महिने झालेत. निदान डॉक्टरच करतील, पण आता वाट पाहू नका.

उपचाराचं सांगतो. माझ्यावर जी पद्धत वापरली तिला प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणतात. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येक तासा-दीड तासाची. डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय तसा सांगायचा. 'गाडी वळणावर आहे, तो वळतोय.' त्याचं रेकॉर्डिंग करून घरी रोज ऐकायचं. पहिल्या दोन बैठकांनंतर मला उलटी झाली, सोडून द्यावंसं वाटलं. चौथ्या-पाचव्या बैठकीत सांगता सांगता मी अडलो. हॉर्न आधी वाजला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं ते हॉर्न ऐकूनच, आणि तोवर माझा हात ब्रेकवर गेला होता. दोन वर्षं मी धरून बसलो होतो की मला उशीर झाला. त्या दिवशी तिथेच हमसून हमसून रडलो. तुमच्या भावाच्या 'हात धरायला हवा होता' मध्येही असंच काही अडकलेलं असू शकतं. ते तुम्ही वाद घालून निघणार नाही, त्याचं त्यालाच सापडावं लागतं.

सोबत टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू जायचं. मी दुपारच्या रिकाम्या वेळी परळच्या फलाटावर नुसता उभा राहायचो, छातीतली धडधड उतरेपर्यंत. मध्येच पळून आलं की भीती आणखी घट्ट होते. पण हे थेरपिस्टच्या सांगण्यानुसारच करा, तुम्ही घरच्या घरी ढकलू नका. ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत प्रसंग आठवायचा) आणि सीपीटी (प्रसंगाबद्दल मनात अडकलेले विचार तपासायचे) या पद्धतीही चांगल्या आहेत.

औषध आयुष्यभर घ्यावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेकांना नाही. सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन यांसारख्या गोळ्या देतात, गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. दुकानातून झोपेच्या गोळ्या मात्र आणू नका. मूळ दुखणं तसंच राहतं आणि त्यांची सवय लागते. दारूचंही तेच, माझ्या घराने ते भोगलंय.

केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात. मरणाची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या.

पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा. झोप, चिडचिड, पिणं हे तो डॉक्टरांना सांगणार नाही, तुम्ही सांगा. आणि त्या दिवशी लोकलचा आग्रह नको. घाटकोपरहून सायनला बस आहे.