बॅगेवरचे ठोसे आणि भिंतीवरचं ताट

पत्र : ताई, माझं वय ४१. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मशीन शॉपला सुपरवायझर आहे, राहायला सिडकोत. आठवडा बदलला की शिफ्ट बदलते. रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, वाढलं की साहेब पोरांसमोर वाट्टेल ते बोलतात. तिथं तोंड दाबून ऐकतो आणि घरी आल्यावर एवढ्या-तेवढ्यावरून भडकतो. गेल्या महिन्यात जेवणाचं ताट सरकवलं ते भिंतीवर गेलं. कपाटाच्या दारावर बुक्की मारली, पत्रा आत गेला. कंट्रोलच सुटतो. बायकोवर कधी हात उचलला नाही. मित्र म्हणाला, राग साचू देऊ नकोस, बाहेर काढ. म्हणून गच्चीवर पंचिंग बॅग टांगली. साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून रोज अर्धा तास मारतो. दोन महिने झाले, पण राग उलट वाढल्यासारखा वाटतो. परवा गच्चीवरून खाली आलो तर नऊ वर्षांचा मुलगा आईला हळूच विचारत होता, ‘बाबांचा मूड कसाय?’ पुरुषाने राग काढायचा तरी कुठे?

उत्तर :

दादा, प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलाय, पण पत्र लिहायला बसलात ते त्याच्या आधीच्या ओळीमुळे. ते तुमच्या कानावर पडलं आणि तुम्हाला लागलं, म्हणून तुमच्याशी बोलण्यात अर्थ आहे.

आधी एक खटकलेली गोष्ट. सरकवलेलं ताट भिंतीपर्यंत जात नाही. तुम्ही ते फेकलंत. आणि ‘कंट्रोल सुटतो’ म्हणता, तर तो साहेबांपुढे का सुटत नाही? तिथं नोकरी दिसते, म्हणून तो राहतो. म्हणजे ब्रेक शाबूत आहे, घरी तो दाबला जात नाही एवढंच. हे टोचेल, पण यातच तुमची सुटका आहे. जो ब्रेक सकाळी लागतो तो रात्रीही लागू शकतो.

आता त्या बॅगेचं. राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिट्टी झाली की मोकळं, असं आपण सगळेच धरून चालतो. मीही कितीतरी वर्षं लोकांना ‘उशीवर मार, मोकळा हो’ असंच सांगायचे. ते चुकलंच माझं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मुद्दाम झोंबणारे शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना शेरे मारणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना व्यायाम म्हणून मारायला सांगितलं आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. सगळ्यात जास्त भडकलेले निघाले ते चेहरा आठवून मारणारे, आणि नुसती बसलेली मंडळी सगळ्यात कमी आक्रमक. म्हणजे तुम्ही दोन महिने रोज नेमकी तीच चूक करताय.

पुढे २०२४ मध्ये बुशमन आणि त्यांच्या सहकारी सोफी शेर्विक यांनी असे १५४ अभ्यास एकत्र तपासले, त्यात दहा हजारांहून जास्त माणसं होती. अंग तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही, अंग निववणाऱ्या गोष्टींनी उतरतो, असं त्यातून दिसलं. गंमत म्हणजे जॉगिंगनेसुद्धा राग कमी न होता वाढण्याकडेच कल होता. चेंडूच्या खेळांनी मात्र तो उतरताना दिसला, बहुधा खेळण्यातल्या मजेमुळे. तेव्हा तब्येतीसाठी खुशाल पळा, पण रागावरचा उतारा म्हणून नको. त्यापेक्षा गल्लीतल्या पोरांबरोबर प्लास्टिकच्या बॉलचं क्रिकेट खेळा, आणि आउट झालात की बॅट देऊन टाका.

तुम्हाला मी हे शिकवायला नको. टूल तापून लाल व्हायला लागलं तर तुम्ही स्पीड वाढवता का? कमी करता, कूलंट बघता. अंगाचंही तेच आहे. राग चढला की काळीज धडधडतं, जबडा आवळतो, कान गरम होतात. तुमचं पहिलं लक्षण कुठलं, ते ओळखून ठेवा. ते जाणवलं की नाकाने सावकाश श्वास घ्या, चार आकडे मोजत. सोडताना सहा मोजा. सोडणं लांबलं की धडधड मंदावते. पाच मिनिटं करा. पहिले आठ-दहा दिवस वेड्यासारखं वाटेल, वाटू द्या.

खरी गोम दुसरीकडे आहे. अंबड ते सिडको हा जेमतेम पंधरा मिनिटांचा रस्ता. साहेबांचे शब्द अजून गरम असतानाच तुम्ही घरात पाऊल टाकता. मध्ये फटच नाही, ती तुम्ही पाडा. फर्स्ट शिफ्ट सुटली की गाडी पाथर्डी फाट्यावरून पांडवलेणीच्या पायथ्याशी न्या आणि वीस मिनिटं नुसते बसा. मोबाईल नको, आणि तावातावाने पायऱ्याही चढायच्या नाहीत. सेकंड करून मध्यरात्री येता तेव्हा हे जमणार नाही, मग बिल्डिंगखाली गाडीवरच बसा. आधी दोन घास खा. उपाशीपोटी आणि नाईटच्या अर्धवट झोपेत माणूस निम्म्या गोष्टींवर विनाकारण चिडतो. मित्रांबरोबर ‘बसून’ राग विसरायचा बेत असेल, तर दारू ब्रेकच काढून घेते हे लक्षात ठेवा.

माझ्या वडिलांनी रागात फेकलेला एक तांब्या पोचा पडलेल्या अवस्थेत अजून आमच्या घरी आहे. आम्ही पंचवटीतले. त्या दिवसानंतर चिडले की ते चपला घालून रामकुंडावर जायचे. ‘दिवेलागणीला येतो’ एवढं आईला सांगायचे आणि खरंच यायचे. देवाला जातात असं आम्हाला वाटे. पुढे म्हणाले, देवाला कसला, पाण्याकडे बघत बसायचो. त्यातलं ‘अमुक वेळेला येतो’ हे उचला. न सांगता दार आपटून निघून जाणं हेही घरच्यांना ताटाइतकंच लागतं.

अंग निवल्यावर काय उरतं बघा. मला तुमच्या पत्रात रागापेक्षा अपमान जास्त दिसतो. ज्या पोरांना तुम्ही काम शिकवलं त्यांच्यासमोर तुमची लाज काढली जाते. पण पुरुषाने ‘मला वाईट वाटलं’ म्हणायचं नसतं, चिडलं तर चालतं, असं आपणच मुलग्यांना शिकवतो. म्हणून ते दुःख ताटावर निघतं. आज रात्री बायकोला एवढंच सांगा, ‘आज पोरांसमोर बोलले, फार लागलं.’ आणि साहेबांना एकटं गाठून म्हणा, ‘चूक झाली तर केबिनमध्ये सांगा, लाईनवर नको.’ रिजेक्शनची कारणं शिफ्टवार कागदावर लिहून सोबत न्या. माणूस सुधारेलच असं नाही, पण तुम्ही नुसते ऐकून घेणारे राहणार नाही.

बायकोवर हात उचलला नाही हे तुम्ही फुशारकीने लिहिलं नसेलही. पण कपाटावरची बुक्की तिनेही पाहिलीय, आणि पुढची कुठे पडेल हा विचार तिच्या मनात येऊन गेला असणार. कधी हात वर झालाच, तर तो कौटुंबिक हिंसाचार, त्याला २००५ चा कायदा आहे आणि तिच्यासाठी १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक आहे. तो तिला तुम्हीच सांगून ठेवा. तुमच्यासाठी मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारी सरकारची टेली मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालते, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. महिनाभरात फरक पडला नाही किंवा पुन्हा काही फेकलंत, तर समुपदेशकाकडे जा, लाजू नका.

मुलाजवळ बसा. त्या दिवशी ताट फेकलं ती माझी चूक होती, तुझी किंवा आईची नव्हती, असं त्याला सांगा. ‘पण तू पसारा केलास म्हणून’ असं शेपूट जोडू नका. बॅग उतरवा आणि हूक मजबूत असेल तर झोपाळा टांगा.

दोन महिन्यांनी पुन्हा लिहा. मात्र या पत्रात मला फक्त तुमचीच बाजू कळलीय, तेव्हा पुढच्या पत्राखाली वहिनींच्या हातच्या चार ओळी असू द्या. त्या लिहिताना तुम्ही खोलीत नका थांबू.

— ताई