बिलावरची एक ओळ आणि नंतर बसवलेला ‘एस’

वाचकाचा प्रश्न (पत्र थोडक्यात): मी एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. जुने अमेरिकन चांदीचे डॉलर जमवतो. गेल्या ऑक्टोबरात आमच्याच राज्यातल्या एका नाणे-व्यापाऱ्याच्या दुकानातून १८९३-एस मॉर्गन डॉलर (‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचं चिन्ह) ४,२०० डॉलरला घेतला, चेकने. ग्रेडिंगला, म्हणजे अस्सलपणा आणि दर्जा तपासणाऱ्या कंपनीकडे, पाठवला तर ‘टाकसाळीचं चिन्ह नंतर बसवलेलं’ असा शेरा घेऊन परत आला. व्यापारी फोनवर म्हणतो, बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय, आणि तुम्ही मधल्या काळात नाणं बदललं नाही कशावरून? मित्र म्हणतो, ‘आहे तसं’ असं लिहून ऑनलाइन विकून टाक. घरी अजून सांगितलेलं नाही. दुसरं म्हणजे साताऱ्याच्या घरी आजोबांचे पंचम जॉर्जचे सव्वीस रुपये आहेत, १९१९ आणि १९२० चे. डिसेंबरात जाईन तेव्हा ते इकडे घेऊन येऊ का?

उत्तर: सुरुवात तुमच्या मित्रापासून करते, कारण व्यापाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त धोका त्याच्या सल्ल्याचा आहे. आज तुम्ही फसवले गेलेले गिऱ्हाईक आहात. हे नाणं पुढच्याच्या गळ्यात बांधलंत की तुम्ही जाणूनबुजून फसवणारे विक्रेते झालात, आणि तो शेरा तुमच्याच नावाने आलेला आहे, म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही. नाण्यात फसवणुकीच्या हेतूने फेरफार करणं हा संघराज्याच्या फौजदारी कायद्यात गुन्हा आहे, आणि असं नाणं माहीत असूनही फसवून विकणारा त्याच कलमात, १८ व्या भागाच्या ३३१ मध्ये, येतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची. ‘आहे तसं’ हे शब्द तिथे कामाला येत नाहीत.

बरं, प्रामाणिकपणे ‘एस नंतर बसवलाय’ असं सांगून विकलं तर? तरीही थांबा. १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन कायद्याप्रमाणे नकली नाण्यावर ‘कॉपी’ हा शब्द उमटवलेला असावा लागतो. २०१४ च्या दुरुस्तीने ही जबाबदारी बनवणाऱ्यापुरती न ठेवता विकणाऱ्यावरही आणली. आणि त्याखालच्या नियमांत नकलीची जी व्याख्या आहे तीत मुळात अस्सल असलेलं, पण दुसऱ्याच नाण्यासारखं दिसावं म्हणून बदललेलं नाणंही बसतं. तुमचं नेमकं तसंच आहे: चांदी खरी, साल खरं, अक्षर खोटं.

आणखी एक. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की ‘एस’ खरवडून ते बिनचिन्हाचं, साधं फिलाडेल्फिया टाकसाळीचं म्हणून ठेवू का. अजिबात नको. नाण्याला हात लावू नका, पुसू नका, साबणाचं पाणी तर लांबच. तो ‘एस’ हा तुमचा मुख्य साक्षीदार आहे.

आता व्यापाऱ्याकडे वळू. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत एक लाखच डॉलर पाडले गेले. चलनासाठी पाडलेल्या मॉर्गन डॉलरांत याहून लहान आकडा कुठल्याच साल-टाकसाळीचा नाही. फिलाडेल्फियाच्या नाण्याला टाकसाळीचं चिन्हच नसतं आणि ते याच्या मानाने किरकोळ भावात मिळतं. म्हणजे मागच्या बाजूला पुष्पचक्राच्या खाली एक इवलंसं अक्षर बसवलं की हजारोंचा फरक पडतो. त्यामुळे तुमच्या चार हजार दोनशेतली जवळजवळ सगळी रक्कम त्या एका अक्षराची होती, आणि ते अक्षर बिलावर लिहिलेलं आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला स्पष्ट वाचता येतं: ‘१८९३-एस मॉर्गन, व्हीजी’ (‘व्हेरी गुड’, म्हणजे बऱ्यापैकी झिजलेल्या नाण्याचा दर्जा), पुढे रक्कम. कायद्याच्या दृष्टीने ही ओळच हमी आहे. न्यू जर्सीने स्वीकारलेल्या व्यापारी संहितेत (कलम १२ए:२-३१३) मालाचं वर्णन हा सौद्याचा पाया असेल तर माल त्या वर्णनाबरहुकूम असेल अशी हमी आपोआप तयार होते. ‘गॅरंटी’ हा शब्द लिहावा लागत नाही, विक्रेत्याच्या मनात फसवायचं होतं हेही दाखवावं लागत नाही. त्याला स्वतःला कुणीतरी गंडवलं असेल. तो त्याचा आणि त्या माणसाचा हिशेब.

मग खाली छापलेल्या ओळीचं काय? ‘माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीचा अर्थ इतकाच की उद्या तुमचं मन बदललं, भाव पडला, तर परत यायचं नाही. एका हाताने ‘१८९३-एस’ लिहून द्यायचं आणि दुसऱ्या हाताने तेच काढून घ्यायचं, हे त्याच संहितेतलं कलम २-३१६ चालू देत नाही. असं पुसून टाकणारं वाक्य लिखित वर्णनाशी जुळत नसेल तर वर्णन टिकतं, वाक्य गळून पडतं.

त्याचा दुसरा मुद्दा, नाणं बदलल्याचा, मला जास्त गंभीर वाटतो. खटला हरायचाच असेल तर इथे हराल. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज जाता जाता लिहिली आहे आणि मी ती तीनदा वाचली: सौद्याच्या आदल्या रात्री त्याने व्हॉट्सॲपवर नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले होते. झिजलेलं नाणं हे माणसाच्या बोटाच्या ठशासारखं असतं. त्या फोटोत लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावरच्या स्त्रीमुखाच्या, गालावर, नाकपुडीच्या जरा मागे, चंद्रकोरीसारखी खोच आहे आणि काठावर घड्याळात चार वाजतात त्या जागी ठेच. ग्रेडिंग कंपनीने परत करताना काढलेला फोटो त्याच्या शेजारी ठेवा. खोच तीच, ठेच तीच. तो व्हॉट्सॲपचा संवाद आजच्या आज तारीख-वेळेसकट जतन करा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फाइल आणि फोन दोन्ही सांभाळा. चेकची दोन्ही बाजूंची प्रत बँकेकडून मागवा. चेकच्या कोपऱ्यात तुम्ही ‘९३-एस’ लिहिलंय म्हणता. तो वटवणाऱ्याने ते वाचूनच वटवला असणार.

एक गोष्ट तुम्ही स्वतः भिंगाखाली पाहू शकता. चलनासाठी पाडलेल्या १८९३-एस नाण्यांची दर्शनी बाजू एकाच डायने, म्हणजे पोलादी ठशाने, छापली गेली, म्हणून त्या डायचे व्रण सगळ्या अस्सल नाण्यांवर आहेत. लिबर्टीच्या कपाळपट्टीवर जे अक्षर ‘टी’ आहे त्याच्या माथ्यावर एक बारीक तिरपी उठावाची रेघ असते. फार झिजलेल्या नाण्यावर ती पुसट होते, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. पण तारखेतल्या आकड्यांची जागाही त्याच डायची असायला हवी, आणि ती झिजेने हलत नाही. ग्रेडिंगचा शेरा म्हणजे कागदावरचं मत. समोरचा भांडायला उभा राहिला तर न्यायाधीशापुढे येऊन हे भिंगातलं बोलणारा जाणकार लागेल. त्याची सोय आत्ताच बघून ठेवा.

आता सगळ्यात आधी काय करायचं ते. फोनवर तुम्ही कळवलंत, पण फोनचा पुरावा राहत नाही. दोष कळल्यावर वाजवी वेळेत विक्रेत्याला कळवलं नाही तर खरेदीदाराचा हक्कच जातो (२-६०७), म्हणून या आठवड्यात लेखी नोटीस जाऊ द्या, पोचपावतीसह रजिस्टर्ड टपालाने. नोटिशीत चार ओळी पुरेत: काय म्हणून विकलं, काय निघालं, सौदा मी रद्द करतोय, चौदा दिवसांत ४,२०० डॉलर आणि ग्रेडिंगचा खर्च द्या. संतापाचे शब्द नकोत, पोलिसांची धमकी तर मुळीच नको. पैसे वसूल करायला फौजदारीचा बडगा दाखवणं तुमच्याच अंगाशी येऊ शकतं. आणि ‘आधी नाणं पाठवा, मग बघू’ असं तो म्हणाला तर पाठवू नका. भरलेले पैसे परत मिळेपर्यंत हातातला माल रोखून धरायचा हक्क खरेदीदाराला त्याच संहितेत आहे. दुकानात समोरासमोर, इकडे नाणं तिकडे बँकेचा ड्राफ्ट.

तो व्यापारी प्रोफेशनल न्यूमिस्मॅटिस्ट्स गिल्ड या नाणे-व्यापाऱ्यांच्या संघटनेचा सभासद आहे का तेही पाहा. असेल तर त्यांच्या नियमांत सभासदाला लवादापुढे यावं लागतं, आणि या धंद्यात कोर्टाच्या समन्सपेक्षा बाजारातली पत जाण्याची भीती मोठी असते.

नोटीस वाया गेली तर कोर्ट. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा ५,००० डॉलर आहे. तुमची मूळ रक्कम त्यात बसते आणि वकिलाशिवाय लढता येतं. पण थांबा, इथे घाई करू नका. राज्याच्या ग्राहक-फसवणूक कायद्याखाली व्यापाऱ्याने मालाबद्दल चुकीचं विधान केलं आणि त्यातून नुकसान झालं, तर न्यायालय तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी देतं. विधान प्रत्यक्ष केलेलं असेल तर हेतू सिद्ध करायची गरज नाही. ४,२०० चे तिप्पट १२,६००. एवढी मागणी स्मॉल क्लेम्समध्ये केलीत तर वरचे पैसे सोडून द्यावे लागतील. २०,००० पर्यंतचे दावे स्पेशल सिव्हिल पार्ट या दिवाणी कोर्टाच्या विभागात चालतात. तिथे कागदपत्रं जास्त, वेळही जास्त, पण मी तुमच्या जागी असते तर तिथेच गेले असते. हॉबी प्रोटेक्शन कायद्याखाली संघराज्याच्या न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते हे खरं, पण एका नाण्यासाठी तिकडे जाणं म्हणजे उंदराला तोफ.

मुदतीचं म्हणाल तर हमीच्या दाव्याला चार वर्षं, तीही नाणं हातात पडलं त्या दिवसापासून, खोटं कळलं त्या दिवसापासून नव्हे. बरेच संग्राहक इथेच फसतात: नाणं आठ-दहा वर्षं तिजोरीत, मग विकायच्या वेळी ग्रेडिंग. तुम्ही लवकर पाठवलंत हे फार बरं झालं.

आणि घरी सांगा. संयुक्त खात्याचा चेक आहे, त्याच्या प्रती मागवायच्या आहेत, शिवाय फोटो आले त्या रात्री तुम्ही ते बायकोला दाखवले होते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ती साक्षीदार आहे. साक्षीदाराला कोर्टाच्या तारखेला कळलेलं चांगलं नाही.

राहिले आजोबांचे रुपये. ते आणू नका. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तूच्या व्याख्येत येतं आणि केंद्र सरकार वा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कोणालाही ते देशाबाहेर नेता येत नाही. घरचे आहेत, आजोबांचे आहेत, किंमत मोठी नाही, यातलं काही मुंबईच्या विमानतळावर चालत नाही. १९१९ चे रुपये २०१९ पासून आणि १९२० चे २०२० पासून त्या रेषेच्या पलीकडे गेले. तुमची मॉर्गन नाणी कौतुकाने साताऱ्याला दाखवायला नेणार असाल तर तोही विचार सोडा. व्याख्येत नाणं कोणत्या देशाचं ते लिहिलेलं नाही, आणि नेलेली परत आणताना खुलासे देत बसाल.

तुमचे ते सव्वीस रुपये मात्र नीट जपायला सांगा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांचा तुटवडा पडला, नोटा वटवायला लोक रांगा लावू लागले, तेव्हा १९१८ च्या एप्रिलात अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि सत्तावीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या जवळजवळ सव्वीस कोटींची चांदी ब्रिटिश सरकारला विकली गेली, इकडे रुपये पाडण्यासाठी. कोणत्या सालाचे, कोणत्या टाकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून १८९३-एस नेमके किती उरले हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत एखादा खरा ‘एस’ वितळलेल्या रूपात पडलेला असू शकतो. तो साताऱ्यालाच राहू द्या. भावाला सांगून प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या आणि वाटणीपत्रात संख्या, साल लिहून ठेवा.

नोटिशीचा मसुदा तयार झाला की पोस्टात टाकण्याआधी मला दाखवा. बिलाचा फोटो पाठवलात, पण त्याची मागची बाजू मी अजून पाहिलेली नाही. तिथे बारीक अक्षरात लवादाची किंवा परतीच्या मुदतीची एखादी अट छापलेली असेल तर वर लिहिलेल्यातलं काही बदलावं लागेल.